सन 1719 : दिल्लीत चार बादशहा, साताऱ्यात तीन सनदा

वैराटगड

शाळेच्या पुस्तकात 1719 साल एका ओळीत उरकतात. बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या (वसुलाचा चौथा हिस्सा आणि वर शेकडा दहा घेण्याच्या हक्काच्या) सनदा आणल्या, झालं. पुढच्या ओळीत पेशवे वारतात आणि त्याच्या पुढच्या ओळीत बाजीराव घोड्यावर बसलेले असतात. मला मात्र हे वर्ष मराठ्यांच्या इतिहासातलं सगळ्यात अजब वर्ष वाटतं, म्हणून हा धागा. लांबलाय, चहा घेऊन बसा.

आधी थोडं मागचं. फर्रुखसियर 1713 च्या जानेवारीत तख्तावर आला तो सय्यद बंधूंच्या जिवावर. थोरला अब्दुल्लाखान वजीर झाला, धाकटा हुसेनअली मीरबक्षी, म्हणजे फौजेचा प्रमुख. पुढे बादशहाला या दोघांचीच धास्ती वाटू लागली. हुसेनअलीला दख्खनच्या सुभ्यावर रवाना केलं आणि दाऊदखान पन्नीला गुपचूप निरोप धाडला की याला वाटेतच संपव. 1715 मध्ये बुऱ्हाणपुराजवळ लढाई झाली, मेला तो दाऊदखान. शाहू महाराजांनाही दिल्लीहून हुसेनअलीविरुद्ध चिथावणी चालूच होती. पुढे मराठे, मागे आपलाच धनी, अशा कात्रीत सापडलेल्या हुसेनअलीने शेवटी मराठ्यांशी जुळवून घेतलं. मध्यस्थ होते शंकराजी मल्हार. राजाराम महाराजांच्या वेळचे सचिव, नंतर काशीवासी, आणि मग सय्यदांच्या पदरी. 1718 मध्ये कलमं ठरली. फर्रुखसियरने मान्यता द्यायला साफ नकार दिला. मग ती मिळवायला फौजच दिल्लीकडे निघाली.

पण सुभेदाराने हुकमाशिवाय फौज घेऊन राजधानीत यायचं म्हणजे बंडच. त्याला काहीतरी निमित्त हवं. हुसेनअलीने काढलेलं निमित्त भन्नाट होतं : औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर, त्याचा एक पोरगा म्हणे शाहूकडे होता, शाहूने तो माझ्या हवाली केलाय, आता एवढा मोलाचा कैदी हुजुरात जातीने पोचवायला नको का? एका तोतयाला शाहजादा बनवून इतमामाने दिल्लीपर्यंत नेलं.

सोबत मराठ्यांची पंधरा-सोळा हजारांची फौज. पेशवे स्वतः, सेनापती खंडेराव दाभाडे, संताजी भोसले, उदाजी पवार आणि अठरा वर्षांचा बाजीराव. फेब्रुवारीत ही मंडळी दिल्लीला पोचली. किल्ल्यावरचे पहारे सय्यदांनी बदलले आणि आपली माणसं बसवली. 28 फेब्रुवारीला फर्रुखसियरला जनानखान्यातून ओढून बाहेर काढलं, डोळे काढले, आणि त्रिपोलिया दरवाजावरच्या कोठडीत टाकलं. एप्रिलमध्ये तिथेच गळा दाबून मारलं.

त्याच्या जागी कोण? आधी औरंगजेबाचा नातू बेदारबख्त, त्याच्या मुलाला आणायला माणसं गेली, पण जनान्यातल्या बायकांना वाटलं हे पोरं मारायलाच आलेत, त्यांनी मुलं लपवली. समोर सापडला तो शाहजादा रफीउद्दरजात. त्याला अंगावरच्या साध्या कपड्यांनिशी, गळ्यात मोत्यांची माळ घालून तख्तावर बसवला. वय एकोणीस, क्षयाने पोखरलेला. मार्चमध्ये स्वराज्य, चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा निघाल्या त्या या मुलाच्या नावाने. जूनमध्ये तो गेला. मग त्याचा थोरला भाऊ रफीउद्दौला, तो सप्टेंबरमध्ये गेला. मग रोशनअख्तर, म्हणजे महंमदशहा. मध्येच मे महिन्यात आग्र्याच्या किल्ल्यात नेकूसियर नावाच्या पाचव्यालाही लोकांनी बादशहा केलं, ते प्रकरण ऑगस्टपर्यंत मोडलं.

माझं म्हणणं एवढंच : आपण या सनदांना बादशाही मान्यता म्हणतो, पण तो सय्यदांशी झालेला सौदा होता. सही करणारा बादशहा तीन-चार महिन्यांचा सोबती, देणारे दोघे भाऊ पुढच्या वर्षाखेर संपले. हुसेनअलीचा ऑक्टोबर 1720 मध्ये खून झाला, अब्दुल्लाखान नोव्हेंबरात हसनपूरला हरून कैद झाला. त्या कागदाची किंमत आपण जरा फुगवून सांगतो का?

कंदीपेढा

मस्त धागा. त्या सनदेच्या गडबडीत येसूबाई एका वाक्यात आल्या असत्या तरी चाललं असतं, तुम्ही तर एकाही वाक्यात आणल्या नाहीत! साताऱ्याची म्हणून भांडतेय.

नोव्हेंबर 1689 मध्ये रायगड पडला तेव्हा त्या कैद झाल्या, बरोबर सात वर्षांचे शाहू. त्याआधी मार्चमध्ये संभाजी महाराजांची हत्या झालेली. राजारामांनी गडाबाहेर पडून लढावं आणि आपण मुलासह गडावर राहावं, हा निर्णय त्यांचा. पुढची सगळी वर्षं मोगली छावणीच्या मागे मागे. 1707 मध्ये औरंगजेब मेल्यावर आझमशहाने शाहूंना सोडलं तेव्हा आईला, बायकोला आणि भाऊ मदनसिंगाला ओलीस ठेवून घेतलं. म्हणजे मुलगा साताऱ्यात छत्रपती आणि आई दिल्लीत, अशी आणखी बारा वर्षं. 1719 च्या जुलैत पेशव्यांनी त्यांना साताऱ्याला आणलं. कैदेची तीस वर्षं होत आली होती.

पंधरा हजार घोडं दिल्लीपर्यंत का गेलं याचं शाहू महाराजांपुरतं उत्तर मला तरी चौथाईत दिसत नाही. आईला आणायला गेलं.

वैराटगड

@कंदीपेढा, मान्य, आणि ताई, पुढच्या प्रतिसादात येसूबाईंवर येणारच होतो हे खरं सांगितलं तरी तुम्ही विश्वास ठेवणार नाही. फक्त एक जोड : महाराजांनी पेशव्यांना निघताना दिलेल्या मागण्यांत दौलताबाद आणि चांद्याचे किल्ले, आणि गुजरात-माळव्यातली खंडणीही होती. ती कलमं दिल्लीत पदरात पडली नाहीत. शिवनेरीही त्या वेळी हाती आला नाही, तो पुढे कितीतरी वर्षं मोगलांकडेच राहिला. म्हणजे याद्या मोठ्या होत्या, आईपुरत्या नव्हत्या.

मनमौजी

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. वाचतोय.

वेळासचं कासव

28 फेब्रुवारीच्या सकाळचं कोणीच लिहीत नाही, म्हणून लिहितो.

किल्ल्याच्या आत फर्रुखसियरचं काय झालं हे बाहेर कोणाला ठाऊक नव्हतं. शहरात अफवा, अब्दुल्लाखान मारला गेला. बादशहाच्या बाजूचे सरदार आपापली माणसं घेऊन रस्त्यावर उतरले. किल्ल्याच्या आसपास मराठी पथकं उभी होती, ती महंमद अमीनखानाच्या मोगलांची दौड बघून मागे सरली. ती हटताहेत म्हटल्यावर बाजारातले लोक, टोळकी, रिकामटेकडे, सगळे त्यांच्यावर तुटून पडले. अरुंद गल्ल्या, घोड्याला वळायला जागा नाही, भाले चालवता येत नाहीत. ज्यांनी मैदानात मोगलांना पळवलं ते लोक काठ्या-दगडांनी मारले गेले. दीड ते दोन हजार माणूस पडला. संताजी भोसले त्यात गेले.

आणि बाळाजी महादेव भानू गेले. हे आमच्या वेळासचं घराणं. पेशव्यांवर आलेला वार यांनी आपल्या अंगावर घेतला अशी परंपरेने चालत आलेली गोष्ट आहे. यांचा मुलगा जनार्दनपंत, आणि जनार्दनपंतांचा मुलगा नाना फडणवीस. तुम्ही सनदांची किंमत विचारताय, त्यात हे दोन हजार आधी मांडा.

तिरकी रेघ

कासवभाऊ, छान. यात मला खटकतं ते हे : ज्या शहरात आपले दीड-दोन हजार लोक मारले गेले त्या शहरात पेशवे पुढे तीनेक आठवडे थांबले आणि कागद घेऊनच उठले. बदला नाही, जाळपोळ नाही. आजच्या व्हॉट्सॲपवरच्या इतिहासात असा पेशवा चालणार नाही.

अवांतर : त्याच वर्षी दिल्लीतून आणखी एक बाई माहेरी परत गेली. जोधपूरच्या अजितसिंहाची मुलगी इंद्रकुंवर फर्रुखसियरला दिली होती. अजितसिंह फर्रुखसियरच्या विरुद्ध सय्यदांच्या बाजूने उभा राहिला, म्हणजे सासऱ्यानेच जावयाला उतरवायला हात लावला. नंतर मुलीला घेऊन जोधपूरला गेला, तिला पुन्हा हिंदू रीतीने वागवलं, आणि दिल्लीतले मौलवी खवळले. जिझियाही, म्हणजे बिगरमुसलमानांवरचा कर, याच धामधुमीत रद्द झाला. फर्रुखसियरने आधी रद्द केलेला, मग पुन्हा लावलेला.

खडूस आजोबा

तुमच्या तारखा नीट लिहा. जुन्या इंग्रजी पुस्तकांत आणि मराठी पुस्तकांत दहा-अकरा दिवसांचा फरक दिसतो. इंग्रजांनी नवं पंचांग 1752 साली घेतलं, तोवर ते अकरा दिवस मागे होते. सनदांची तारीख कुणी 3 मार्च देतो, कुणी 13. उगाच भांडू नका, मार्च म्हणा आणि पुढे चला.

जमाखर्च

मी वैराटगडांच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. कागद फुगवून सांगतो का? माझं उत्तर नाही, आणि कारण दिल्लीत नसून गावात आहे.

सनदेत तीन गोष्टी. एक, स्वराज्य : शिवछत्रपती वारले तेव्हाचा मुलूख. पुणे, सुपे, इंदापूर, वाई, सातारा, कऱ्हाड, खटाव, माण, फलटण, कोकणपट्टी, खाली कर्नाटकातले काही महाल. इथे बादशहाने फक्त हक्क कबूल केला. दोन, दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई : औरंगाबाद, वऱ्हाड, बेदर, विजापूर, हैदराबाद, खानदेश. बदल्यात 15,000 स्वार सुभेदाराच्या चाकरीला. तीन, त्याच सहा सुभ्यांवर शेकडा दहा सरदेशमुखी, महाराजांचं खासगी वतन म्हणून. त्यापोटी मुलूख राखायचा, चोरदरवड्यांचा बंदोबस्त करायचा. वर बादशहाला वर्षाला 10 लाखांची पेशकश, म्हणजे नजराणा.

सहा सुभ्यांचा आकार, म्हणजे ठरलेला सारा, कागदावर सुमारे 18 कोटी. प्रत्यक्ष तेवढा वसूल कधीच येत नव्हता, पंचवीस-तीस वर्षांच्या लढायांनी मुलूख उजाड झालेला. पण चौथाई मोजायची ती जुन्या भरभराटीच्या आकड्यावर. त्यामुळे बाकी कायम थकलेली, आणि बाकी थकलेली म्हणजे फौज पाठवायला कायम निमित्त. ही खरी कारागिरी.

आता वाटणी बघा. समजा एका गावाचा आकार 400 रुपये. त्याची चौथ 100. त्या 100 मधून 25 राजबाबती, सरळ छत्रपतींना. उरले 75, तो मोकासा. त्यातून 6 साहोत्रा पंत सचिवांना, 3 नाडगौंडा महाराज ज्याला देतील त्याला. राहिले 66, ते सरदाराला, फौज बाळगण्यासाठी. सरदेशमुखीचे 40 वेगळे. आणि एका सरदाराचा मोकासा सगळा एका जागी नाही, या परगण्यात थोडा, त्या परगण्यात थोडा. दुसऱ्याच्या मुलुखात पहिल्याचा गुमास्ता बसलेला. म्हणजे प्रत्येकाचा पाय दुसऱ्यात अडकवून ठेवला. एकट्याने फुटून निघायचं म्हटलं तर वसुलाची घडीच मोडते.

हे सगळं तलवारीने गोळा करता आलं असतं? आलंच होतं, 1719 च्या आधीही चौथ घेत होतेच. फरक असा की आता देशमुख-देशपांडे-पाटलाकडे हिशोबाला कागद आला. मोगलांचा जहागीरदार आणि मराठ्यांचा कमाविसदार (वसुली करणारा) एकाच गावात, एकाच वहीत बसले. गावात लुटीचा विषय संपून बाकीचा विषय सुरू झाला.

वैराटगड

हा प्रतिसाद धाग्यापेक्षा चांगला आहे. पण एक विचारतो. तुम्ही म्हणता पाय अडकवून ठेवले. मग शिंदे, होळकर, गायकवाड, भोसले सगळे स्वतंत्र कसे झाले? काही जण तर म्हणतात की मराठा मंडळाची फाटाफूट या वाटणीतच पेरली गेली.

जमाखर्च

शिंदे-होळकर माळव्यात मोठे झाले, गायकवाड गुजरातेत. तुम्हीच वर लिहिलंत की माळवा आणि गुजरातचं कलम मिळालं नाही. बाळाजींची ही बारीक वाटणी दख्खनच्या सहा सुभ्यांसाठी होती. नवा मुलूख जिंकला तिथे एकेका सरदाराने एकेक पट्टा धरला. नागपूरकर भोसल्यांचा वऱ्हाड हा अपवाद मानतो, तिथे तुमचा मुद्दा लागू पडतो.

लांबचा पाहुणा

फ्रान्समधून डोकावतोय. इथे 1719 म्हणजे जॉन लॉ. स्कॉटलंडचा माणूस, फ्रान्सच्या खजिन्याचं कर्ज फेडायला त्याने नोटा आणि शेअर काढले. मे 1719 मध्ये त्याने फ्रेंचांची जुनी पूर्वेकडची कंपनी आपल्या कंपनीत मिळवून घेतली, म्हणजे आपलं पुदुच्चेरीसुद्धा कागदोपत्री त्याच्या पोटात गेलं. 500 लिव्रचा शेअर वर्ष संपताना 10,000 च्या आसपास. 1720 मध्ये फुगा फुटला आणि साहेब देश सोडून पळाले. बाळाजींनी त्याच वर्षी कागद आणला, तो टिकला. कौतुक वाटतं.

तिरकी रेघ

@लांबचा पाहुणा, लॉच्या कागदामागे त्याच्या कंपनीच्या अमेरिकेतल्या वसाहतीची, लुइझियानाची, दलदल होती, बाळाजींच्या कागदामागे पंधरा हजार घोडा.

मनमौजी

नेकूसियरचं कोणी सांगेल का? ते नावच मजेशीर आहे.

वैराटगड

नेकूसियर या वर्षातलं माझं सगळ्यात आवडतं पात्र. सुरुवातीला तोतया शाहजाद्याचं सांगितलं ना, अकबराचा मुलगा म्हणून मिरवलेला? नेकूसियर हा त्याच अकबराचा खराखुरा मुलगा.

1681 मध्ये अकबराने बापाविरुद्ध बंड केलं आणि दुर्गादास राठोडाबरोबर तो संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला. सुधागडाखाली पालीजवळ त्याचा मुक्काम होता. नंतर जहाजाने इराणला गेला आणि तिकडेच मेला. मागे राहिलेलं हे तान्हं पोर आग्र्याच्या किल्ल्यात कोंडलं गेलं. नेकूसियर जन्मला 1679 मध्ये. बादशहा म्हणून त्याची द्वाही फिरली तेव्हा चाळिशीचा, आणि उभं आयुष्य त्या भिंतींच्या आत गेलेलं. मित्रसेन नावाच्या नागर ब्राह्मणाने किल्ल्यातल्या शिपायांना हाताशी धरून त्याला गादीवर बसवला. हुसेनअलीने वेढा घातला, ऑगस्टमध्ये किल्ला पडला, मित्रसेनाने स्वतःला संपवलं. नेकूसियरला दिल्लीला सलीमगडात नेऊन ठेवलं, तिथे तो 1723 मध्ये वारला.

म्हणजे एकाच वर्षी अकबराच्या खोट्या मुलाला घेऊन एक फौज दिल्लीत शिरते आणि खऱ्या मुलाला तीच मंडळी पुन्हा कैदेत घालतात. संभाजी महाराजांनी ज्या अकबराला आसरा दिला त्याच्या नावाचा उपयोग शेवटी येसूबाईंच्या सुटकेला झाला, हे मला फार विलक्षण वाटतं.

कंदीपेढा

हे माहीत नव्हतं. आता राग गेला.

गलबतवाला

किनाऱ्याचंही एक वाक्य राहू द्या. 1718 च्या शरदात मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून खांदेरीवर चालून गेला आणि कान्होजी आंग्र्यांकडून मार खाऊन परतला. 1720 मध्ये विजयदुर्गावर गेला, तिथेही तेच. 1719 हे मधलं वर्ष, पेशवे-सेनापती दिल्लीत असताना कोकण किनारा कान्होजींनी सांभाळला. कान्होजींना शाहू महाराजांच्या बाजूला आणणारेही बाळाजीच, 1714 मध्ये.

खडूस आजोबा

बरं, वैराटगड, मूळ प्रश्नाचं काय झालं? सौदा की मान्यता? धागा काढून लोकांना कामाला लावलंत, आता निकाल द्या.

वैराटगड

निकाल कसला देतोय. माझं मत अजून तेच, सौदा. पुढच्या वर्षीचं बघा. एप्रिल 1720 मध्ये बाळाजी विश्वनाथ सासवडला वारले. 17 एप्रिलला मसूरला बाजीरावांना पेशवाईची वस्त्रं. उन्हाळ्यात निजाम माळव्यातून दख्खनेत उतरला आणि ऑगस्टमध्ये बाळापूरला त्याने हुसेनअलीच्या पुतण्याला, आलमअलीला, मारलं. मराठे आलमअलीच्या बाजूने लढले होते. दीड वर्षात दख्खनेत सय्यदांचं कोणी उरलं नाही, आणि वसूल द्यायचा की नाही हे आता निजाम ठरवणार होता. कागद तोच, पण पुन्हा तलवार काढावी लागलीच की.

जमाखर्च

आणि त्या निजामानेच तुम्हाला खोटं पाडलं आहे. 1727 मध्ये त्याने चौथाई थांबवली तेव्हा काय म्हणाला? सनद खोटी आहे, सय्यदांनी दिलेली आहे, मी मानत नाही, असं म्हणाला नाही. म्हणाला, शाहू आणि त्यांचे चुलतभाऊ कोल्हापूरचे संभाजी दोघेही छत्रपती म्हणवतात, मग पैसे नेमके कुणाला देऊ ते आधी ठरवा. इतका धूर्त माणूस, सय्यदांचा वैरी, त्यालासुद्धा कागद नाकारता आला नाही, धनी कोण एवढाच वाद घालता आला.

वैराटगड

बिनतोड आहे. तरी त्या वादाचा निवाडा फेब्रुवारी 1728 मध्ये पालखेडच्या लढाईत बाजीरावांनी केला आणि मार्चमध्ये मुंगी-शेवगावला निजामाने चौथाई-सरदेशमुखी पुन्हा कबूल केली. निम्मं तुमचं, निम्मं माझं.

खडूस आजोबा

त्या निम्म्यातले सहा टक्के साहोत्रा माझ्याकडे पाठवा.